दारणाकाठची शेती : पाऊस पश्चिमेचा, पाणी पूर्वेचे



देवळाली कॅम्पातून नकाशावर सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर सुमारे शंभर किलोमीटरवर अरबी समुद्र लागतो. तेथून निघालेला पावसाळी वारा घाटावर येऊन पाणी टाकतो आणि त्या पाण्यावर आपली दारणा भरते. मात्र भगूर आणि संसरीच्या कडेने जाणारे हे पाणी समुद्राकडे परत जात नाही. ते त्याला पाठ करून पूर्वेला निघते, दारणासांगवीजवळ गोदावरीला मिळते आणि पुढे सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचते. पाऊस एका समुद्राचा आणि पाणी दुसऱ्या समुद्राचे, अशी या काठाची स्थिती आहे.

भूगोलाच्या पुस्तकात हा भाग किनारपट्टीत मोडत नाही. तरीही या पट्ट्याचा पाऊस किनाऱ्यावरून येतो आणि शेतमालाचे गिऱ्हाईक किनाऱ्यावर म्हणजे मुंबईत बसलेले आहे. नदीतल्या पाण्यावरचा हक्क मात्र मोठ्या प्रमाणात पूर्वेकडच्या तालुक्यांकडे आहे. ही विभागणी कशी झाली हे नीट समजून घेतले नाही तर नदी डोळ्यांसमोर वाहत असूनही मोटर बंद का ठेवावी लागते, हा दारणाकाठच्या शेतकऱ्याचा नेहमीचा प्रश्न सुटत नाही. म्हणून या लेखात इगतपुरीपासून देवळाली, पळसे, चेहेडीपर्यंतच्या दारणाकाठाची जमीन, पाणी, इतिहास आणि बाजार यांची माहिती एकत्र दिली आहे.

जमिनीची घडण आणि पावसाची उतरंड

सह्याद्रीचा पश्चिमेकडील कडा हा दख्खनच्या पठाराचा काठ होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे पठार तयार झाले. पुढे पश्चिमेकडची जमीन तुटून समुद्र आत आला आणि किनाऱ्यालगतचा कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे कसाऱ्याहून वर पाहताना जी काळी भिंत दिसते ती एका अर्थाने समुद्राचाच जुना, मागे हटलेला काठ आहे. या भिंतीच्या माथ्यावर इगतपुरी आहे आणि भिंतीमागच्या उतरणीवर आपण आहोत.

दारणा नदी इगतपुरी तालुक्यात कुलंगच्या डोंगराकडे उगम पावते. अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई या रांगेचे पाणी तिला मिळते. देवळालीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५५० मीटर आहे. इगतपुरीही फार उंच नाही, सुमारे ६०० मीटरच्या आसपास आहे. उंचीत एवढा थोडा फरक असूनही पावसात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस होतो. नाशिकला तो सुमारे ७०० मिलिमीटर भरतो, तर सिन्नरला ५५० मिलिमीटरच्या आसपास राहतो. याचे कारण सरळ आहे. वारा कडा चढताना थंड होतो आणि पाणी टाकतो. माथा ओलांडून तो खाली उतरू लागला की पुन्हा उबदार होतो आणि ढग विरळ होतात. घाटाच्या आडोशाला पडलेला हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय.

हा आकडा शेतावर उतरवून पाहा. एक हेक्टरवर १ सेंटिमीटर पाऊस पडला तर १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी होते. या हिशेबाने इगतपुरीच्या एका हेक्टरवर वर्षात तीन कोटी लिटर पाणी पडते आणि देवळालीच्या आसपासच्या एका हेक्टरवर सुमारे सत्तर लाख लिटर पडते. इगतपुरीचे ते तीन कोटी लिटर तिथल्या जमिनीत मावत नाही. ते वाहून खाली येते आणि त्यालाच आपण दारणेचा पूर म्हणतो.

राज्यातील कृषी हवामान विभागांचा नकाशा आपण कृषी कार्यालयात पाहिला असेल. पश्चिम घाट विभाग, उपपर्वतीय विभाग, मैदानी विभाग आणि अवर्षणप्रवण विभाग असे त्यातील चार विभाग इगतपुरीहून घोटीमार्गे सिन्नरला जाणारी एस.टी. पंचावन्न-साठ किलोमीटरांत ओलांडते. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातील शेतकऱ्याचे पाहून पीक घेण्याची सवय या पट्ट्यात जेवढी महागात पडते तेवढी क्वचितच दुसरीकडे पडत असेल. साकूरच्या भाताचा सल्ला शिंद्याला चालत नाही आणि शिंद्याच्या द्राक्षाचा सल्ला साकूरला चालत नाही.

मातीही याच उतरंडीने बदलते. वरच्या भागात डोंगरउतारावर उथळ, मुरमाड बरड जमीन आहे आणि तिच्यावर नागली, वरई, कारळा ही पिके येतात. सखल खाचरांत भात होतो. खाली येताना तांबूस माळ आणि कोरळ जमीन लागते. नदीकाठी गाळाची खोल काळी जमीन आहे. या काळीत ओल टिकते, परंतु निचरा मंद असतो. तेव्हा काठावरच्या काळीला जास्त पाणी देणे म्हणजे तिची भूक भागविणे नव्हे. तिला आजारी पाडण्याचीच ती वाट होय. उसाला वर्षानुवर्षे पाटाने पाणी देऊन पांढरी पडलेली, चोपण झालेली जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

घाटाची जुनी वाट

घाटावरचा माल किनाऱ्याला आणि किनाऱ्यावरचा पैसा घाटावर, हा व्यवहार रेल्वेने सुरू झाला असा समज आहे. तो खरा नाही. देवळालीपासून दहा-एक किलोमीटरवर पांडवलेणी आहेत. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे शिलालेख कोरलेले आहेत. ते सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे आहेत. त्यात शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा बंदर, भरुकच्छ म्हणजे भडोच आणि नाशिकजवळचे गोवर्धन यांचा एकत्र उल्लेख आहे. डहाणू, दमण, पारडी भागातील नद्यांवर फुकट नावेची सोय केल्याचे आणि ३२,००० नारळीची झाडे दान दिल्याचेही त्यात नमूद आहे.

शेतकऱ्याला अधिक रस वाटावा अशी एक नोंद त्याच लेण्यात आहे. उषवदाताने ३,००० कार्षापणांची रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज लेण्यातील भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी वापरायचे, अशी अट होती. सहकारी पतसंस्थेचा व्यवहार आपल्या भागात किती जुना आहे पाहा! किनाऱ्यावरच्या बंदरांशी जोडलेली बाजारपेठ घाटामागे उभी असल्याशिवाय विणकरांच्या संघटनांकडे अशी ठेव ठेवण्याची पत आली नसती.

ब्रिटिश काळात मुंबई-आग्रा रस्ता याच थळ घाटातून आला. इगतपुरी ते नाशिक हा लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला आणि कसारा-इगतपुरी हा घाटातील अवघड टप्पा १८६५ मध्ये जोडला गेला. या टप्प्यात ३७ फुटांना १ फूट इतका चढ आहे. मालगाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात ती त्यासाठी.

देवळालीची छावणीही १८६१ चीच. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेले सैनिक प्रथम येथे आणले जात आणि मुदत संपलेले सैनिक मायदेशाच्या बोटीची वाट पाहात येथेच थांबत. वाट पाहून कंटाळलेल्या या शिपायांमुळे इंग्रजी बोलीत ‘डुलाली’ हा शब्द डोके फिरल्याच्या अर्थाने रूढ झाला, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. कोरडी हवा आणि मुंबईपासूनचे सोयीचे अंतर यांमुळे पुढे पारशी, गुजराती कुटुंबांनी हवापालटासाठी बंगले आणि आरोग्यधामे बांधली. १९४० च्या दशकात तोफखान्याची शाळा येथे आली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्यांच्यामुळे कॅम्पाचा बाजार वाढला. १९२५ पासून नाशिकरोडला नोटा-तिकिटांचा सरकारी छापखाना आहे. शेतीच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ असा की दूध, भाजी, गवत आणि अंडी यांना रोखीने पैसे देणारे रोजचे गिऱ्हाईक भगूर, संसरी, लहवित, नानेगाव या गावांना दाराशीच मिळाले. जिरायत तालुक्यांत हे भाग्य क्वचितच आढळते.

धरण इगतपुरीत, लाभक्षेत्र कोपरगावात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ आले. त्यात दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्याची वाताहत झाली. त्यानंतर १९०१ मध्ये सरकारने सिंचन आयोग नेमला. सह्याद्रीच्या माथ्यावर भरपूर पाऊस पडतो तेथे पाणी साठवावे आणि ते नदीच्या पात्रातून खाली आणून दुष्काळी पट्ट्यात कालव्याने द्यावे, ही कल्पना त्या काळात पक्की झाली. गोदावरी कालवे या कल्पनेतूनच निघाले.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर येथे बंधारा बांधण्यात आला. तेथून गोदावरीचा डावा कालवा सुमारे ९० किलोमीटर आणि उजवा कालवा सुमारे ११० किलोमीटर जातो. कोपरगाव, राहाता या भागांतील शेती या पाण्यावर उभी राहिली आणि तेथील ऊस व साखर कारखानदारीचा पायाही हेच पाणी आहे. या कालव्यांना बारमाही पाणी मिळावे म्हणून इगतपुरी तालुक्यात नांदगाव बुद्रुक येथे दारणा धरण बांधले गेले. ते १९१६ मध्ये पूर्ण झाले. जुन्या कागदपत्रांत त्याच्या जलाशयाला ‘लेक बील’ असे नाव आहे.

या रचनेतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दारणा धरणाचे कालव्याचे पाणी धरणातून थेट शेतात जात नाही. ते आधी नदीच्या पात्रात सोडले जाते आणि बऱ्याच अंतरावरच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यात पोचल्यानंतर कालव्यात शिरते. मधला सगळा दारणाकाठ, म्हणजे अस्वली, भगूर, संसरी, शेवगे दारणा, पळसे, चेहेडी ही गावे, या पाण्याच्या वाटेवर आहेत. वाटेवरच्या माणसाला वाटते की पाणी आपल्या शिवारातून जाते म्हणजे आपले आहे. कागदावर मात्र त्याचा मोठा वाटा शंभर वर्षांपूर्वीच पुढच्या तालुक्यांच्या नावे लावून ठेवलेला आहे. वरच्या गावांच्या जमिनी धरणात गेल्या आणि पाणी खालच्यांना मिळाले, ही तक्रार या भागात पिढ्यानपिढ्या ऐकू येते. ती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण दुष्काळी पट्ट्यातला कोपरगावचा किंवा वैजापूरचा शेतकरीही आपलाच भाऊबंद आहे, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर मागणी वाढतच गेली. मुकणे, भावली, भाम आणि वाकी ही धरणे दारणेच्या खोऱ्यात आली. त्यांचा मुख्य हेतू नांदूरमध्यमेश्वरच्या जलद कालव्यातून वैजापूर, गंगापूर आणि कोपरगाव तालुक्यांना पाणी देण्याचा होता. पुढे मुकण्यातून नाशिक शहराला पिण्याचे पाणीही नेण्यात आले. पैठणला जायकवाडीचे नाथसागर धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. ते गोदावरीवरच असल्यामुळे वर जेवढे पाणी अडेल तेवढे त्याला कमी मिळते.

या भांडणाला कायद्याचे रूप २००५ मध्ये आले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने खोऱ्यातील सर्व धरणांनी तुटीचा बोजा समान वाटून घ्यावा, असे समन्यायी वाटपाचे तत्त्व घालून दिले. मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ मध्ये त्याचे कोष्टक तयार केले. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे त्यात सुचविले होते. पुढे या टक्केवारीच्या फेरविचाराचेही काम हाती घेण्यात आले. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०२३ च्या पावसाळ्यानंतर नाशिक आणि नगर जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीसाठी सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात दारणा समूहाचा वाटा सुमारे २.६ टीएमसी होता.

टीएमसी हा शब्द वर्तमानपत्रात रोज येतो. तो म्हणजे किती, हे समजून घेऊ. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. दारणा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७.१५ टीएमसी, म्हणजे वीस कोटी घनमीटर आहे. पाटाने भिजविलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला सुमारे २०,००० घनमीटर पाणी लागते. वाटेतील गळती आणि बाष्पीभवन अजिबात धरले नाही, तरी सगळे दारणा धरण केवळ दहा हजार हेक्टर उसात संपते. पिण्याचे पाणी, कारखाने, गहू, हरभरा, द्राक्ष, कशालाही मग थेंब उरत नाही. नदीकाठच्या उसाविषयी कोणाचे मन दुखवायचे नाही, पण हा गुणाकार प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा.

कायद्याच्या या चौकटीचा आपल्या मोटरीवर परिणाम असा होतो. खाली आवर्तन सोडले जाते तेव्हा नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात आणि काठावरील वीजपुरवठा ठराविक काळ बंद ठेवला जातो. पात्र भरून वाहते आणि मोटर गप्प असते. हे अचानक आल्यासारखे वाटते, पण अनेकदा त्याचा अंदाज आधी बांधता येतो. सप्टेंबरअखेर जायकवाडीचा साठा किती आहे हे पाहावे. तो कमी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी सुटण्याची शक्यता धरून रब्बीच्या पेरणीचे नियोजन करावे. तसेच पाटबंधारे खात्याच्या आवर्तनाच्या तारखा गावात लावून घ्याव्यात. पंधरा दिवस पाणी मिळणार नाही हे आधी कळले तर पीक वाचविता येते. आयत्या वेळी कळले तर फक्त धावपळ होते.

कोणते पीक, कोणत्या टप्प्यात

वरच्या पट्ट्यात म्हणजे इगतपुरी, घोटी, साकूर, वाडीवऱ्हे भागात भात हेच मुख्य पीक राहणार. इंद्रायणी हा सुवासिक वाण येथे चांगला रुळला आहे आणि घोटीची बाजारपेठ तांदळासाठी ओळखली जाते. या पट्ट्यातील खरी अडचण पाण्याची कमतरता ही नाही. ती खत वाहून जाण्याची आहे. तीन हजार मिलिमीटर पावसात फेकून दिलेला युरिया पिकापेक्षा नदीलाच अधिक मिळतो. त्यासाठी चारसूत्री पद्धत उपयुक्त ठरते. भाताच्या तुसाचा वा पेंढ्याचा वापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेटचा वापर ही ती चार सूत्रे होत. लावणी १५-२५ सेंटिमीटर अशा जोड अंतराने करावी आणि चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेट पुरतात. खोल गेलेला नत्र पुरात वाहत नाही आणि पिकाला सावकाश मिळतो. उतारावरच्या बरड जमिनीत कारळा घेणाऱ्यांनी विद्यापीठाच्या इगतपुरी केंद्राचा आय.जी.पी.-७६ हा वाण वापरावा. मधमाशीपालनालाही कारळ्याच्या फुलोऱ्याचा चांगला उपयोग होतो.

भात निघाल्यावर खाचरात जी ओल राहते ती बहुतेक ठिकाणी वाया जाते. कापणी होताच, ओल असेपर्यंत, विजय किंवा दिग्विजय हरभरा टोकून घ्यावा. एखादे संरक्षित पाणी मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी घरापुरती डाळ आणि जमिनीला बेवड मिळतो.

मधल्या आणि खालच्या पट्ट्यात रब्बी गव्हाचे नियोजन आवर्तनावर बसवावे. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे वाण आपल्या दाराशी आहेत. पाण्याची खात्री असेल तर वेळेवर पेरणीसाठी त्र्यंबक घ्यावा. एक-दोन पाणीच मिळणार असेल तर नेत्रावती घ्यावा. जिरायतात खोल काळीवर पंचवटी हा बन्सी वाण घ्यावा. एकच पाणी देता येत असेल तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. दोन देता येत असतील तर पहिले २० ते २२ आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. तीन असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी द्यावीत. आवर्तनाची तारीख कळली असेल तर पेरणीची तारीख मागे मोजून ठरवावी.

ऊस या काठावर पळसे येथील नाशिक सहकारी साखर कारखान्याच्या भरवशावर वाढला. मधल्या काळात हा कारखाना काही वर्षे बंद राहिला, तेव्हा उभा ऊस दूरच्या कारखान्यांना देताना तोडणी-वाहतुकीत काय हाल झाले हे आपणच अनुभवले आहे. उसाचा आणखी एक त्रास म्हणजे बिबट्या. दाट उसात त्याला आडोसा, पाणी आणि कुत्री-वासरांचे भक्ष्य तिन्ही मिळते. २०२० मध्ये याच दारणाकाठी बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे, त्यातही लहान मुले, दगावली. घराला लागून ऊस लावू नये, गोठा बंदिस्त करावा आणि रात्री एकट्याने बारे द्यायला जाऊ नये. ज्यांना ऊस घ्यायचाच आहे त्यांनी तो ठिबकवर, मर्यादित क्षेत्रात आणि वस्तीपासून दूर घ्यावा. माझे मत विचाराल तर, मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या शेतकऱ्याने पाणीपिऊ आणि वर्षभर जमीन अडविणारे पीक घेणे हा दाराशी आलेल्या बाजाराचा अपमान आहे.

भाजीपाल्याच्या बाबतीत एक इशारा द्यावासा वाटतो. चेहेडीजवळ वालदेवी दारणेला मिळते. उन्हाळ्यात प्रवाह घटला की वालदेवीबरोबर येणारे वस्त्यांचे सांडपाणी पात्रात साचते. अशा पाण्यावर कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा यांसारखी कच्ची खाल्ली जाणारी किंवा जमिनीलगतची भाजी घेऊ नये. त्या भागात विहिरीचे पाणी आणि माती वर्षातून एकदा तपासून घ्यावी. क्षारता वाढत असेल तर ती पिकावर दिसण्याआधी अहवालात दिसते.

बाजाराची वाट

मुंबईचा भाजीपाला आणि फळबाजार १९९६ मध्ये शहरातून वाशीला हलला. तेव्हापासून आपल्या भागातील माल संध्याकाळी भरून पहाटेच्या आत वाशीला उतरविण्याची पद्धत पक्की झाली. २०२३ ते २०२५ या काळात समृद्धी महामार्गाचे शिर्डी ते इगतपुरी आणि शेवटी इगतपुरी ते आमणे हे टप्पे खुले झाल्याने घाटातील खोळंबा टळण्याची सोय झाली आहे. जलद मार्ग सर्वांनाच जलद असतो, हे मात्र विसरू नये. कालपर्यंत ज्यांना वाशी दूर होती ते विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरीही त्याच रस्त्याने येणार आहेत. आपला फायदा टिकतो तो सकाळी तोडलेला, प्रतवारी केलेला, ताजा माल देण्यात.

रेल्वेच्या बाबतीत देवळालीने देशात पहिला क्रमांक लावला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल देवळाली स्थानकातून बिहारमधील दानापूरला सुटली. १,५१९ किलोमीटरचे अंतर तिने सुमारे ३२ तासांत कापायचे होते. पुढे फळे व भाज्यांच्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली आणि डाळिंब, कांदा, द्राक्ष, ढोबळी मिरची असा माल कमी खर्चात उत्तरेला जाऊ लागला. मार्च २०२२ अखेर सवलत संपली आणि त्यानंतर गाड्याही थांबल्या. २०२४ मध्ये देवळाली ते दानापूर अशी ‘शेतकरी समृद्धी’ विशेष गाडी सोडण्यात आली. या अनुभवावरून दिसते ते असे की रेल्वेला डबाभर माल एका वेळी लागतो. एकेकट्या शेतकऱ्याच्या वीस क्रेटसाठी गाडी थांबत नाही. गावातील उत्पादक कंपनी किंवा गटाने आठवड्याचा माल आधी नोंदविला तर सवलत असो वा नसो, गाडीकडे मागणी करता येते. भाड्याची चौकशी स्थानकाच्या पार्सल कार्यालयात करावी.

विकाऊ जमीन

नाशिकरोड, देवळाली, पाथर्डी या बाजूंनी वस्ती वाढत आहे, तर इगतपुरीकडे पर्यटन संकुले आणि महामार्गाचे जोडरस्ते येत आहेत. दारणाकाठच्या जमिनीला आज जो भाव सांगितला जातो तो कोणत्याही पिकातून निघणार नाही, हे मान्य केले पाहिजे. म्हणून जमीन विकू नका असा कोरडा उपदेश येथे करीत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, कर्ज, ही कारणे ज्याची त्याला माहीत. दोन व्यवहारी गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. एक, बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सगळीच जमीन विकून सातबाऱ्यावरून नाव गेले तर पुढे दुसरीकडे स्वस्त जमीन घेतानाही अडचण येते. म्हणून थोडी तरी जमीन नावावर राहू द्यावी. दुसरी, विकायचीच झाली तर माळ आणि बरड आधी विकावी. काठाची काळी शेवटी ठेवावी. नदीने हजारो वर्षांत साचविलेला तो गाळ ट्रॉलीने विकत आणून पुन्हा तयार होत नाही.

पाणी मोजण्याची सोपी रीत

पाण्यावरचा हक्क पूर्वेकडचा असला तरी परवान्याप्रमाणे जे पाणी आपण उचलतो ते किती, हे आपल्याला माहीत असलेच पाहिजे. त्यासाठी मीटर हवाच असे नाही. दोनशे लिटरचे एक पिंप मोटरीच्या डिलिव्हरी पाइपाखाली ठेवावे आणि ते भरायला किती सेकंद लागतात हे घड्याळात पाहावे. वीस सेकंदांत भरले तर मोटर सेकंदाला १० लिटर, म्हणजे तासाला ३६,००० लिटर पाणी देते. एक एकर गव्हाला ६ सेंटिमीटर पाणी द्यायचे असेल तर सुमारे २,४०,००० लिटर लागते. म्हणजे पावणेसात तासांत एक एकर पुरे भिजले पाहिजे. आपली मोटर त्याच एकरावर बारा तास चालत असेल तर उरलेले पाच तास पाणी मुळांच्या खाली जात आहे किंवा पाट फुटला आहे. हे मोजमाप मोसमातून दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा फेब्रुवारीत नदीची पातळी खाली गेल्यावर करावे. पातळी उतरली की पाणी अधिक उंच चढवावे लागते आणि त्याच मोटरीचे पाणी कमी होते.

नदीवरून उपसा करणाऱ्या प्रत्येकाने आपला परवाना, त्यातील मंजूर क्षेत्र आणि पीक तपासून घ्यावे. रब्बीसाठी नमुना नंबर ७ मधील पाणीमागणी अर्ज पाटबंधारे शाखेने जाहीर केलेल्या मुदतीत भरावा, मागील थकबाकीची पावती सोबत जोडावी आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घरी जपून ठेवावी. तुटीच्या वर्षी मंजुरीचा पहिला विचार मुदतीत आलेल्या आणि थकबाकी नसलेल्या अर्जांचा होतो.